वासाचा रकाना

काकाच्या मशीनची घरघर थांबली तेव्हा दोनला दहा कमी होते. माणसाला आवाजाने जाग येते म्हणतात. मी आठ महिने त्या आवाजाच्या उशाशी झोपत होतो, मला जाग आली ती आवाज गेल्यामुळे. पंख्याने सवयीने चार-दोन फेरे मारले आणि तोही थांबला. खिडकीबाहेरची समोरची इमारत, रस्त्यावरचे दिवे, औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी, सगळं कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकल्यासारखं झालं होतं. पलीकडच्या खोलीतून काकाचा आवाज आला, "वीज गेली का रे?" काकाची ही जुनी खोड. जे स्वतःच्या डोळ्यांना दिसतंय ते दुसऱ्याकडून वदवून घ्यायचं, आणि जे पाहिलेलंच नाही ते मात्र स्वतः लिहून मोकळं व्हायचं. माझी उजवी नाकपुडी बंद होत चालली होती आणि मानेच्या मागून काहीतरी कोमट वर सरकत होतं. अजून दुखत नव्हतं. दुखणं यायच्या आधी त्याचा शिपाई येतो, तो येऊन उभा होता.

दुखणं दोन वाजून पाच मिनिटांनी येतं. गेल्या एकोणीस रात्री ते आलं, त्यातल्या सतरा रात्री पाचाच्या ठोक्याला आणि दोनदा सातला. डॉक्टरीणबाई याला क्लस्टर म्हणतात, म्हणजे झुंडीने येणारी डोकेदुखी. वर्षात दीड-दोन महिने हे दुखणं मुक्कामाला येतं आणि मग एक दिवस न सांगता निघून जातं. नेहमीची डोकेदुखी असती तर माणूस डोकं बांधून अंधारात पडला असता. यात पडवत नाही. उजव्या डोळ्याच्या मागे कोणीतरी पाना लावून आटा पिळत बसतं, पापणी उतरते, डोळा लाल होऊन गळायला लागतो, त्याच बाजूचं नाक वाहतं आणि माणूस खोलीत येरझाऱ्या घालत भिंतीवर डोकं टेकवतो, मग जरा जोरात टेकवतो. यावर उपाय आहे, आणि तो इतका साधा आहे की पहिल्यांदा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. शुद्ध ऑक्सिजन. पुढे वाकून बसायचं, पिशवीचा मास्क घट्ट धरायचा, प्रवाह मिनिटाला बारा लिटरवर ठेवायचा आणि पंधरा मिनिटं ओढत राहायचं. सहाव्या-सातव्या मिनिटाला पाना सैल होतो. म्हणून माझ्या पलंगाशेजारी कमरेएवढ्या उंचीचा सिलिंडर उभा असतो. बायकोने त्याच्या गळ्यात माझा मफलर बांधला आहे. "हा पाहुणा रोज रात्री बसतो तुझ्याजवळ, त्याला थंडी नको वाजायला," ती म्हणते. दुखण्याच्या पाहुण्यावर मात्र तिचा राग आहे. "त्या दोन-पाचवाल्याला सांग, एकदा दिवसा ये म्हणावं. चहा तरी देता येईल."

दुखण्याची मी वही ठेवतो. तारीख, सुरुवात, शेवट, डोळा, नाक, ऑक्सिजन किती मिनिटं, असे रकाने डॉक्टरीणबाईंनी छापून दिले. शेवटचा रकाना मी पट्टी घेऊन स्वतः आखला: साक्षीदार. बाई हसल्या. "हा कशाला हो?" मी म्हटलं, "आमच्या घराण्यात लागतो." बायको अर्धवट झोपेत त्यात सही करते, कधी सही ओळ सोडून पळते, पण असते. त्या रात्री ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि गेले चार दिवस तो रकाना रिकामा पडला होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी पाण्याचे मीटर तपासतो. बाकावर मीटर ओळीने लावायचे, त्यातून मोजून पाणी सोडायचं, आणि कोण किती खोटं बोलतो ते टिपायचं. माणसंही खोटं बोलतात आणि मीटरही, फरक इतकाच की मीटरला दोन टक्क्यांच्या आत बोलावं लागतं.

काकालाही ऑक्सिजनच लागतो. हा विनोद देवाचा, माझा नाही. त्याची फुप्फुसं गेली आहेत, म्हणून रात्रभर नाकात दोन चिमुकल्या नळ्या घालून तो मशीनचा ऑक्सिजन घेतो, मिनिटाला एक लिटर. गॅस तोच, घर तेच, एक भिंत मध्ये. सिलिंडर पोचवणारा माणूस आम्हाला नावाने ओळखत नाही. त्याच्या फोनमध्ये मी 'बारा' आणि काका 'एक'. पहिल्या दिवशीच त्याने मला दारात गाठून हळू आवाजात बजावलं होतं, "बारासाहेब, एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजोबांना चुकूनसुद्धा तुमच्या आकड्यावर लावू नका. एक म्हणजे एक. अशा छातीला जास्त दिला ना, तर शरीर श्वास घ्यायचाच कंटाळा करतं. छान झोप लागते माणसाला. चेहऱ्यावर लाली येते. घरचे म्हणतात, आज काय शांत झोपलेत. आणि मग उठतच नाहीत." नंतर डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, जरा अवघड शब्दांत. मी दोघांचे आभार मानले. असं ज्ञान माणूस एकदा ऐकतो आणि जपून ठेवतो, जसं काही लोक बिनकामाची किल्ली जपून ठेवतात.

मी काकाला घरी आणलं तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, पोराचं मन किती मोठं. मन मोठं होतंच, त्यात जागा भरपूर होती. काकाचा मुलगा परदेशी, काकी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि जिना चढताना काका मध्येच थांबून भिंतीकडे बघत उभा राहायचा. मी स्वतः जाऊन त्याची पेटी उचलली. त्याचा पलंग अशा कोनात लावला की डोळे उघडताच समोर वडिलांचा फोटो दिसावा. चहा मी त्याला कोमट देतो, इतका कोमट की तक्रार करता येऊ नये आणि पिववूही नये. वर्तमानपत्र देतो ते शब्दकोडं सोडवून. लहानपणी मी त्याला 'ए काका, तू' म्हणायचो. दहाव्या वर्षापासून 'तुम्ही' म्हणतो. लोकांना वाटतं, काय वळण आहे मुलाला! सुडाचा तो पहिला हप्ता होता, आणि छत्तीस वर्षं मी तो एकदाही चुकवला नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी माझे वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात रात्रपाळीला होते आणि काका त्यांच्या पाळीचा प्रमुख होता. धाकटा भाऊ शिकलेला, म्हणून वर. घरी तो त्यांना 'दादा' म्हणायचा आणि पंपघरात वडील त्याला 'साहेब' म्हणायचे, सगळ्यांसमोर, खळखळ न करता. एका रात्री पंप वेळेवर बंद झाला नाही. टाकी भरून वाहिली आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं. वडील पंपामागे भिंतीला कपाळ लावून सापडले. अशा वेळी पाळीप्रमुखाने एक छापील तक्ता भरायचा असे. त्याची प्रत वडिलांच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी होती, आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. काकाचं अक्षर सुंदर, प्रत्येक 'ल'ला झुपका. 'तोल: नाही. उजवा डोळा: लाल. पापणी: उतरलेली. नाक: वाहते. तोंडास वास: होय.' पाच नोंदी आणि खाली सही. मला माझ्या दुखण्याचं नाव कळलं त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी तो कागद काढून माझ्या वहीशेजारी ठेवला. चार नोंदी माझ्या दुखण्याशी तंतोतंत जुळल्या. डोळासुद्धा तोच, उजवा. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. म्हणजे पाचातल्या चार नोंदी खऱ्या, ऐंशी टक्के. ऐंशी टक्क्यांचा मीटर आमच्याकडे भंगारात जातो. त्या मीटरला वीस वर्षांनी मानपत्र आणि घड्याळ मिळालं, आणि वडील पुठ्ठ्याच्या गोदामात खोकी मोजत म्हातारे झाले.

नोकरी गेली त्याचं एवढं नाही. आईने त्यानंतर त्यांचा पेला हुंगायला सुरुवात केली. पाण्याचा, दुधाचा, औषधाचा, कुठलाही. शेवटच्या आजारात त्यांना चमच्याने पाणी पाजायची, तेव्हाही आधी चमचा नाकाशी न्यायची. तोवर हात आपोआप जात असणार. वर्षातले ते दोन महिने वडील रात्री उठून मागच्या बोळात डोळ्यावर तळहात दाबून फिरायचे, आणि आई आतून म्हणायची, "उतरल्याशिवाय आत घ्यायचं नाही. लाव रे कडी." कडी मी लावायचो. दाराची वरची कडी होती आणि स्टुलावर चढलं की माझा हात पोचायचा. वडील दारावर बोटाच्या पेराने वाजवायचे, शेजारी उठू नयेत म्हणून अगदी हळू. "उघड रे. प्यायलो नाही मी." मी स्टुलावर उभा राहून ऐकायचो आणि उघडायचो नाही. माझ्याही नावावर नोंद आहे ती अशी. ती मी शेवटच्या पानावर ठेवली आहे. तिथवर हिशोब पोचेपर्यंत मधली सगळी पानं काकाची.

"अरे, झोपलास का? मशीन बंद पडलंय," काका म्हणाला. आता शब्दांच्या मध्ये फटी पडायला लागल्या होत्या. मी मोबाइलचा दिवा लावला. वीज कंपनीचा फोन उचलला गेला, तिकडच्या माणसाने जांभई देत चार-साडेचार सांगितलं. सिलिंडरवाला म्हणाला, "बारासाहेब, पाचला पहिली गाडी निघते, आधी तुमच्याकडेच येतो. पण आजोबांचा छोटा सिलिंडर आहे ना राखीव?" मी म्हटलं, "आहे." होता. रिकामा होता. गुरुवारी माझा संपला तेव्हा काकाचा राखीव मी ओढला, आणि तो भरून आणायचं विसरलो. 'विसरलो' हा शब्द मी गुरुवारीच तयार करून ठेवला होता. माझ्या सिलिंडरचा दाबाचा काटा वीसवर होता. हे गणित मला झोपेतही येतं. या मापाच्या सिलिंडरात वीसवर काटा म्हणजे दोनशे लिटर. बारा लिटरने सोळा मिनिटं, म्हणजे माझं एक दुखणं, पुरतं. एक लिटरने दोनशे मिनिटं, म्हणजे काकाचा श्वास पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत. शिल्लक राहणार नव्हती आणि वाटणीही होणार नव्हती. पण गणिताला तिसरंही उत्तर होतं. मी सिलिंडर त्याच्या ढकलगाडीवर कलता करून चाकांवर काकाच्या खोलीकडे ढकलत होतो, आणि ते उत्तर माझ्या पुढे पुढे चालत होतं: गॅस काकाला, आकडा माझा.

मफलर बांधलेला सिलिंडर अंधारात दारातून आत आला तेव्हा काका उशीला टेकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले. "कोणाला आणलंस?" तो म्हणाला, मग त्याला कळलं आणि तो हसला, हसताना खोकला. "तुझा पाहुणा होय." मी त्याच्या नाकातल्या नळीचं टोक मशीनवरून काढून माझ्या सिलिंडरला लावलं आणि चावी फिरवली. काचेच्या उभ्या नळीत लहानशी गोळी असते, गॅस सोडला की ती वर चढते आणि जिथे ठरते तो आकडा. गोळी एकवर आली. माझा हात चावीवरच होता. दोन. काकाने डोळे मिटले. तीन. माझ्या डोळ्यामागचा पाना पहिला वेढा घेत होता, दोन वाजून चार झाले होते, एक मिनिट लवकर. कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो तेही तयार होतं: अंधार होता हो, डोकं फुटत होतं, सवयीचा आकडा हाताने लावला. सगळे म्हणाले असते, बिचारा. पोराचं मन किती मोठं. तक्त्यात पाच नोंदी झाल्या असत्या आणि त्यातल्या चार खऱ्या असत्या. चार खऱ्या, हे मनात आलं आणि माझी बोटं थांबली. दया वगैरे काही नव्हती. मला फक्त इतकं दिसलं की झोपेत गेलेला माणूस कुठल्याच कागदावर काही दुरुस्त करत नाही. छत्तीस वर्षं वाट बघून त्याला गुलाबी चेहऱ्याने सोडून द्यायचं? मी गोळी खाली आणली. एक. एक म्हणजे एक.

मग ते आलं. मास्कशिवाय ते कसं असतं हे मी दोन वर्षांत विसरलो होतो. पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं, परत सहा. कपाट लागलं तेव्हा कपाटावर डोकं टेकवलं, त्याचा पत्रा गार होता, पुन्हा टेकवलं, आतली भांडी वाजली. तोंडातून आवाज निघत होता, तो बैलाचा असावा तसा, आणि मला लाज वाटत नव्हती. "अरे काय होतंय तुला?" काका म्हणत होता. "अरे, इकडे ये. बस." मोबाइल पलंगावर उजेड वर करून पडला होता. मी गेलो आणि त्या उजेडात माझं तोंड त्याच्या तोंडासमोर धरलं. डोळा गळत होता, नाक वाहत होतं, पुसलं नाही. पुसायचं नव्हतंच.

"बघ," मी म्हटलं. "नीट बघ. तोल?"

त्याचे ओठ हलले.

"बोल ना! तोल आहे मला?"

"नाही."

"डोळा?"

"लाल... उजवा." तो मागे सरकायला बघत होता आणि मागे भिंत होती. "पापणी उतरलीय. अरे, हे तर... दादाचं..."

"नाक वाहतंय. चार झाले. आता पाचवा रकाना भर. वास घे माझ्या तोंडाचा."

छत्तीस वर्षांनी मी त्याला अरे-तुरे करत होतो आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मी म्हटलं, "घे की. तेव्हा घेतला होतास तसा."

काकाने दोन्ही हात वर नेले. मला वाटलं, मला ढकलतोय. त्याने कानांमागून नळी सोडवली आणि नाकातल्या दोन्ही नळ्या काढून मांडीवर ठेवल्या. त्या मांडीवर बारीक फुसफुसत राहिल्या. मग तो पुढे वाकला. त्याचं नाक गार होतं, ते माझ्या वरच्या ओठाला लागलं. त्याने श्वास ओढला. पुरा आत गेला नाही, मध्येच अडकला, शिट्टीसारखा वाजला. त्याने पुन्हा ओढला.

"नाही," तो म्हणाला. "वास नाही."

"आणि तेव्हा?"

तो दम धरत होता. मी नळ्या त्याच्या नाकात परत घातल्या नाहीत. घालायला हव्या होत्या, घातल्या नाहीत.

"तेव्हा घेतलाच नाही," तो म्हणाला. "तोंडाजवळ नाक न्यायचं... असा नियम होता. सगळे बघत उभे. तो मला म्हणाला, 'साहेब, वास घ्या.' स्वतः म्हणाला. तोंड उघडून उभा राहिला माझ्यापुढे." दोन श्वास. "दादा होता रे तो माझा. त्याचं तोंड हुंगायचं? दारुड्यासारखं? मला नाही करवलं. मला वाटलं, उगीच अपमान त्याचा. आणि रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. बाकीच्या चार बघून 'होय' लिहिलं."

मी खाली बसलो. बसवत नव्हतं तरी बसलो, कपाळ पलंगाच्या कडेला लावून. म्हणजे मान राखला होता. मी या माणसात लोभ शोधला होता, मत्सर शोधला होता, वरच्या जागेची हाव, आजोबांकडून मिळालेल्या घराच्या वाटणीचा राग. सगळ्याची मी वर्षानुवर्षं उलटतपासणी केली होती. आणि तळाशी निघालं काय, तर थोरल्या भावाचा मान! त्या मानाने वडिलांना जन्मभर बोळात फिरवलं. इतका चांगुलपणा मला झेपेना. दुष्टपणा असता तर मी त्याला बरोबर पोचवला असता.

"का नाही सांगितलंस नंतर?" मी पलंगाच्या लाकडाला विचारलं.

"कोणाला? वहिनीला?" काका म्हणाला. "तिने विश्वास ठेवला होता. आणि मग मलाही वाटायला लागलं, असेल प्यायला. लिहिलेलं रोज वाचलं की खरं वाटतं."

मी उठलो, भिंतीच्या आधाराने माझ्या खोलीत गेलो आणि वही आणि पेन घेऊन आलो. आता पाना शेवटच्या आट्यांवर होता, ओळी मला डाव्या डोळ्यानेच दिसत होत्या. वही त्याच्या मांडीवर ठेवली. "लिही." त्याने लिहिलं. अक्षर तेच, 'ल'ला झुपका. डोळा: लाल. नाक: वाहते. तो थांबला, छापील रकान्यांत वासाला जागा नव्हती. त्याने पेनाने साक्षीदाराच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'तोंडास वास नाही. स्वतः पाहिले.' त्याखाली सही. मग ओळीच्या सुरुवातीचा तारखेचा रकाना भरला. मी मोबाइल जवळ नेला.

"तारीख चुकली तुमची," मी म्हटलं. 'तुमची' परत आलं होतं.

"नाही चुकली," काका म्हणाला.

छत्तीस वर्षांपूर्वीची होती. दिवस, महिना, वर्ष, सगळं बरोबर.

मी ती खोडली नाही. दाखवायला मात्र कोणी उरलेलं नव्हतं. ना हुंगणारी, ना दार वाजवणारा. खालची ओळ रिकामी होती आणि ती कडी लावणाऱ्याची हे मला ठाऊक होतं. पेन काकाच्या बोटांतून सोडवून घेतलं, पण लिहिलं काही नाही. आधी त्याच्या मांडीवरच्या नळ्या उचलल्या, पुसल्या, नाकात घातल्या, कानांमागून फिरवल्या. त्याचे कान गार होते, आणि मागून बघितले तर अगदी वडिलांसारखे. हे आठ महिन्यांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मी त्याला नेहमी समोरून पाहत आलो. मग सिलिंडरसमोर गुडघ्यांवर बसलो, चांगला डोळा काचेच्या नळीच्या रेषेत आणला आणि गोळी वाचली. गोळी वरच्या कडेला वाचायची नसते, मधोमध वाचायची असते. एक. पुरेल पाच वीसपर्यंत.

"तुला?" काकाने विचारलं. "तुझं काय?"

"माझं जाईल," मी म्हटलं. "झोपा तुम्ही." आणि उठून परत खिडकीकडे सहा पावलं चालायला लागलो. सकाळी चहा गरम द्यायचा की कसा, ते अजून ठरलेलं नव्हतं.